समुद्र नसलेल्या गावचा नांगर

ब्रिटिश नौदलात रात्रीच्या जेवणानंतर कुणाच्या नावानं प्याला उचलायचा याचे वार ठरलेले असतात. शनिवार बायकांचा आणि प्रेयसींचा. यजमान प्याला उंचावून त्यांचं नाव घ्यायचा आणि टेबलावरची मंडळी हळूच पुस्ती जोडायची, की त्या दोघींची कधी गाठ न पडो. पिढ्यान्‌पिढ्या हा विनोद चालला. मग बायकाच अधिकारी होऊन त्या टेबलावर येऊन बसल्या, आणि २०१३ साली नौदलानं शनिवारचा प्याला आपल्या कुटुंबांच्या नावे करून टाकला. त्याला कुणी काय पुस्ती जोडणार? शनिवार आता बराच सोज्वळ झाला असणार.

माझ्याकडे मात्र या दोघींची गाठ बारा महिने पडलेली असते. निळ्या मखमलीचं अस्तर लावलेला एक उथळ ट्रे आहे. त्यात कुणाच्या बायकोचे, कुणाच्या प्रेयसीचे आणि कुणाच्या आईचे ब्रूच शेजारी शेजारी मांडलेले आहेत. इंग्रज लोक यांना स्वीटहार्ट ब्रूच म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत सुरू झाली आणि दोन्ही महायुद्धांत तिला ऊत आला. लढायला जाणाऱ्या पुरुषाच्या टोपीवरचं चिन्ह लहान करून घडवायचं आणि घरी राहणाऱ्या बाईनं ते कोटाच्या कॉलरवर लावायचं, एवढाच प्रकार. पायदळाच्या पलटणींचे असे ब्रूच निघाले, विमानदळाचे पंख निघाले. मी फक्त नौदलाचे घेते. पोर्टस्मथमध्ये राहून दुसरं काही घेणं बरं दिसत नाही हे एक, आणि छंदाला कुठेतरी कुंपण घालावं लागतं हे दुसरं. घरात कुणी दर्यावर्दी आहे म्हणून हा नाद लागला असं मात्र समजू नये. आमचे हे समोरच्या गॉस्पोर्टला जाणाऱ्या फेरीबोटीतसुद्धा डोळे मिटून बसतात, आणि ती फेरी हातातला चहा गार व्हायच्या आत पलीकडे लागते.

या दागिन्यांचा थाट बेताचाच. पहिल्या महायुद्धातला नेहमीचा नमुना म्हणजे शिंपल्याची गोल चकती, तिला चांदीची कड, आणि मध्ये मुकुट आणि नांगर. काही ब्रूचवर नौदलाचा खास मुकुट असतो. त्याच्या कडेवर एक शीड, एक जहाजाची मागची बाजू, परत एक शीड, अशी रांग असते. नखाएवढ्या जागेत हे सगळं बसवलेलं असतं आणि भिंगाखाली धरलं तर शिडांचा फुगारही दिसतो. खिसा बरा असेल तर नऊ कॅरेट सोनं. नऊ कॅरेट म्हणजे हजारात ३७५ भाग, आणि तसा आकडाही मागे ठोकलेला असतो. सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा मी हौसेनं ट्रे पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, एक ब्रूच डोळ्यांशी नेऊन आकडा वाचला आणि विचारलं, "अगं, मग उरलेलं काय आहे?"

तांबं आणि चांदी, असं मी सांगितलं. पण आयुष्यभर बावीस कॅरेटच्या खाली न उतरलेल्या बाईला ते उत्तर पटण्यासारखं नव्हतं. त्यांनी तो ब्रूच ट्रेमध्ये ठेवला तो जरा लांबूनच.

दुसऱ्या महायुद्धात धातूंची ओढाताण झाली तेव्हा इंग्लंडात पर्स्पेक्सचे ब्रूच आले. विमानांच्या खिडक्यांना वापरतात ते पारदर्शक प्लास्टिक कापायचं, घासून बदामाचा आकार द्यायचा आणि वर छोटं चिन्ह चिकटवायचं. अमेरिकेत वेगळीच गंमत झाली. खोट्या दागिन्यांना लागणारे हलके धातू सरकारनं युद्धासाठी अडकवून ठेवले, म्हणून कारखानदार चांदीकडे वळले, आणि युद्धाची काही वर्षं खोटे दागिने खऱ्या चांदीचे होऊ लागले. तिथला एक ब्रूच तर 'पर्ल हार्बर विसरू नका' असं बजावणारा आहे. त्यात 'पर्ल' हा शब्द लिहिलेलाच नाही, त्या जागी एक मोती बसवलाय. मोती नकली. राग खरा होता, तेवढं पुरे.

आपल्याकडच्या माणसाला हे सगळं ऐकून मंगळसूत्र आठवतं. पण ती तुलना फार लांब नेता येत नाही, कारण मुलगा आईला मंगळसूत्र देत नाही, आणि यातले पुष्कळ ब्रूच आयांचे आहेत. शिवाय कितीतरी जणींनी ते स्वतःच सराफाकडे जाऊन, स्वतःच्या पैशांनी घेतले. का घेतले ते त्या दिवसांतली हवा पाहिली की कळतं. १९१४ च्या ऑगस्टमध्ये चार्ल्स फिट्झजेराल्ड नावाच्या एका निवृत्त ॲडमिरलनं फोकस्टनला बायकांची एक तुकडी उभी केली. साध्या कपड्यांत कुणी तरुण दिसला की त्याच्या हातात पांढरं पीस ठेवायचं, म्हणजे तू भेकड आहेस. जॉर्ज सॅमसन या खलाशाला गॅलिपोलीतल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. स्कॉटलंडमध्ये कार्नूस्टी इथे त्याचा सत्कार होता. स्वारी साध्या कपड्यांत सत्काराला निघाली, आणि वाटेत त्यालाही कुणीतरी पीस दिलं! ज्या गावात हे चालतं, तिथे आईला भाजी आणायला जातानासुद्धा कोटावर नांगर लावून जावंसं वाटलं तर नवल नाही. आमचा मुलगा कुठे आहे, हे विचारायची सोयच ठेवायची नाही.

माझ्या सगळ्यात आवडीचा प्रकार टोपीच्या फितीचा. खलाशाच्या गोल टोपीभोवती काळी रेशमी फीत असे, कपाळावर सोनेरी अक्षरांत जहाजाचं नाव आणि डाव्या कानापाशी गाठ. सोनारानं तीच फीत दोन पेरांएवढ्या पट्टीत उतरवली. जमीन काळ्या मीन्याची, वर एच.एम.एस. आणि जहाजाचं नाव, आणि बाजूला फितीच्या गाठीचे दोन छोटे कान. माझ्याकडचा एक नमुना उजव्या टोकाला फिका पडलाय. टाचणी लावताना अंगठा जिथे टेकतो नेमक्या तिथलाच मुलामा उडालाय, त्यामुळे शेवटचं अक्षर अंदाजानं वाचावं लागतं. उलटा केला की टाचणी एका साध्या वाकवलेल्या आकड्यात अडकवलेली दिसते. तिला ना कडी ना कुलूप, आणि टोक आकड्याच्या बाहेर जरासं डोकावतं. फिरवून बंद होणारी कडी नंतरच्या काळात सर्रास झाली. त्यामुळे ब्रूच हातात आला की जाणकार माणूस पुढची बाजू नंतर बघतो, आधी पाठ बघतो. लग्नाच्या बाजारातही पूर्वी असंच काहीतरी चालायचं म्हणतात, पण तो विषय वेगळा.

फितीवरच्या नावाची एक भानगड आहे. पहिल्या महायुद्धात खलाशी जहाजाचं नाव कपाळावर घेऊन गावभर हिंडत. १९३९ साली दुसरं युद्ध लागलं तेव्हा गुप्ततेसाठी नावं उतरली आणि फितीवर नुसतं एच.एम.एस. उरलं. कुठलं जहाज बंदराला लागलंय हे शत्रूच्या हेराला दारूच्या गुत्त्यात बसल्याबसल्या टोप्या वाचून कळू नये, म्हणून. ब्रूचचा काळ ठरवायला हा नियम फार उपयोगी पडतो. पण त्याचा सगळ्यात मजेदार उपयोग झाला तो एका भुताच्या बाबतीत.

२५ नोव्हेंबर १९४१ ला 'बारहम' ही युद्धनौका भूमध्य समुद्रात पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी बुडाली. साडेआठशेहून जास्त माणसं गेली. जर्मनांना आपण काय बुडवलं याची खात्री नव्हती, तेव्हा नौदलाचा कारभार पाहणाऱ्या ॲडमिरल्टीनं ही बातमी दोन महिने दाबून ठेवली. मधल्या काळात पोर्टस्मथला, कॉप्नर रोडवर, हेलन डंकन नावाची एक बाई अंधाऱ्या खोलीत मृतात्मे बोलावत असे. तिच्या बैठकीत एका खलाशाचा आत्मा प्रकट झाला आणि त्यानं आपलं जहाज बुडाल्याचं सांगितलं, अशी कुजबुज गावात पसरली. आत्म्याच्या टोपीवर म्हणे स्वच्छ लिहिलं होतं, एच.एम.एस. बारहम. पुढे १९४४ मध्ये अशाच एका बैठकीवर पोलिसांनी धाड घातली. लंडनच्या ओल्ड बेलीत डंकनबाईंवर खटला चालला तो चक्क १७३५ च्या चेटूक कायद्याखाली, आणि त्यांना नऊ महिन्यांची कैद झाली. बाकी सगळं खरं धरलं तरी एक शंका उरते. युद्धाच्या नियमाप्रमाणे जिवंत खलाशांच्या फितीवर तेव्हा नुसतं एच.एम.एस. होतं. म्हणजे हा गडी मेल्यावर परलोकाच्या भांडारातून जुन्या पद्धतीची फीत काढून, गुप्ततेचा नियम मोडून, कॉप्नर रोडवर आला. शिक्षा व्हायचीच तर त्याला व्हायला हवी होती. तो कायदा १९५१ साली रद्द झाला. पोर्टस्मथच्या जुन्या बाजारात 'बारहम'चा ब्रूच दिसला की विकणारा ही गोष्ट सांगतो आणि किंमत वाढवतो.

किमतीचं गणित एकूणच जरा अंगावर येणारं आहे. जहाज जितकं दुर्दैवी तितका त्याचा ब्रूच महाग. ३१ मे १९१६ ला जटलंडच्या लढाईत 'क्वीन मेरी' स्फोट होऊन बुडाली आणि १,२६६ माणसं गेली. १९४१ च्या २४ मे रोजी 'हूड' बुडाली तेव्हा १,४१८ पैकी तिघे वाचले. अशी नावं आली की बाजारात लगेच चढाओढ लागते. जे जहाज चार वर्षं इमानानं सुरुंग वेचत राहिलं आणि सगळ्यांना घेऊन सुखरूप घरी आलं, त्याचा ब्रूच टेबलाच्या कडेला खोक्यात पडलेला असतो. मला तो खोका आवडतो. स्वस्त पडतो हे कारण आहेच, नाही कशाला म्हणू? पण जी बाई हा ब्रूच लावून धक्क्यावर गेली ती परत येताना एकटी आली नाही, असं समजायला त्या खोक्यात वाव असतो.

त्याहून खालच्या पायरीवर आहेत ती जहाजं जी मुळात जहाजंच नव्हेत. ब्रिटिश नौदलात किनाऱ्यावरच्या बराकींनाही जहाजाचं नाव देतात. 'पेम्ब्रोक' म्हणजे तेव्हा चॅटमची बराक, 'व्हिविड' म्हणजे डेव्हनपोर्टची. 'एक्सलंट' ही तोफखान्याची शाळा होती, पोर्टस्मथ बंदरातल्या एका बेटावर. लंडनचा क्रिस्टल पॅलेस, तो काचेचा प्रचंड मंडप, पहिल्या महायुद्धात नौदलाचं प्रशिक्षण केंद्र होता आणि कागदोपत्री तो 'व्हिक्टरी'च्या नावावर चढवलेला होता. असल्या इमारतीत फरशी पुसणारा गडीसुद्धा डेक पुसतो आणि फाटकाबाहेर पडला की किनाऱ्यावर गेला असं म्हणतात. त्यानंही आपल्या मैत्रिणीला एच.एम.एस. लिहिलेला ब्रूच दिलाच असणार, आणि तिनं तो लावून जहाज कुठल्या समुद्रात आहे या प्रश्नावर विषय बदलला असणार. मुंबईकरांना हा प्रकार ऐकून माहीत आहे. १८ फेब्रुवारी १९४६ ला रॉयल इंडियन नेव्हीचं बंड जिथे पेटलं ती 'तलवार' कुलाब्यातच होती, आणि ती बोट नव्हती, बिनतारी संदेशांची शाळा होती.

आता नांगराकडे येऊ. बाजारात हमखास कुणीतरी एखादा चांदीचा ब्रूच उलटा करून दाखवतो आणि छातीठोक सांगतो, "बघा, मागे नांगराचा शिक्का आहे, म्हणजे अस्सल नौदलाचा." शिक्का खरोखरच नांगराचा असतो. पण त्याचा अर्थ एवढाच, की ही चांदी बर्मिंगहॅमला तपासली. बर्मिंगहॅम हे देशाच्या ऐन मध्यावरचं गाव, तिथून कुठल्याही दिशेनं निघालं तरी समुद्र यायला वेळ लागतो. १७७३ साली बर्मिंगहॅम आणि शेफील्डच्या लोकांनी आपापल्या गावी चांदी तपासायची कचेरी मिळावी म्हणून लंडनला जाऊन पार्लमेंटची मनधरणी केली. ती मंडळी स्ट्रँडवरच्या 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खानावळीत भेटत, आणि शिक्के वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा पाटीकडे बघून नाणं उडवलं असं सांगतात. शेफील्डला मुकुट गेला, बर्मिंगहॅमला नांगर. मग त्याच बर्मिंगहॅमच्या सोनारआळीत पुढे हजारो नौदल ब्रूच घडले. पुढे मुकुट आणि नांगर, मागे परत नांगर. पुढचा राजाच्या आरमाराचा, मागचा एका खानावळीच्या पाटीवरचा.

पुढच्या नांगराचीही एक खोड आहे. त्याला दोराचा विळखा पडलेला असतो. खलाशाला विचाराल तर नांगरात दोर गुंतणं ही शुद्ध फजिती, तसला नांगर धड टाकताही येत नाही आणि उचलताही येत नाही. ॲडमिरल्टीनं शतकानुशतकं हीच फजिती मुद्रा म्हणून मिरवली. प्रेमाच्या दागिन्यावर ती कशी दिसते याबद्दल मी काही बोलत नाही, घरातली माणसं हे वाचतात.

विकणारे आणखी एक गोष्ट आवडीनं सांगतात. रात्री डेकवर चांदणं पडलेलं, खलाशी एकटा बसून तिच्यासाठी स्वतःच्या हातांनी हे घडवतोय. काही वस्तू तशा घडल्याही, नाण्यांच्या अंगठ्या, पर्स्पेक्सचे बदाम. पण बहुतेक माल कारखान्यातला, साच्यातून निघालेला, पुठ्ठ्यावर टोचून दुकानात लावलेला. गिऱ्हाइकाला हे ऐकवत नाही. त्याहून जुनी एक वस्तू आहे, 'खलाशाची व्हॅलेंटाइन'. आठ कोनांची लाकडी पेटी, काचेचं झाकण, आत रंगीत शिंपल्यांची बारीक नक्षी. लांबच्या सफरीत खलाशांनी फावल्या वेळात ती केली असं लोक कौतुकानं मानत आले. मग लक्षात आलं की यातल्या बऱ्याचशा पेट्या बार्बाडोसला ब्रिजटाउनमधल्या एका दुकानात तयार मिळत. खलाशी बंदरावर उतरायचे, पैसे मोजायचे आणि पेटी काखोटीला मारून घरी यायचे.

मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. काउंटरपाशी उभ्या असलेल्या त्या पोराचा विचार करा. वय वीस, उद्या जहाज सुटणार, हातात आठवड्याचा पगार. समोर शिंपल्याचा आहे, चांदीचा आहे, सोन्याचा आहे. शेजारी त्याच्याच जहाजावरचा दुसरा गडी अगदी तोच ब्रूच निवडतोय. एवढ्यात दुकानदार विचारतो, आईसाठी की दुसऱ्या कुणासाठी? लढाईवर निघालेल्या माणसाला असा प्रश्न विचारू नये. हातानं घडवणाऱ्याला निदान वेळ तरी मिळतो, विकत घेणाऱ्याला तिथल्या तिथे ठरवावं लागतं. आणि अर्थाचं म्हणाल तर तयार मालाचा अर्थ कोण तपासतो? 'मिझपा' कोरलेले बदामी ब्रूच व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून पहिल्या महायुद्धापर्यंत प्रेमिकांनी हौसेनं एकमेकांना दिले, आपण दूर असू तेव्हा देव आपल्यावर नजर ठेवो म्हणून. बायबलमध्ये हा शब्द येतो तो याकोब आणि लाबान यांच्या गोष्टीत. लाबान सासरा, याकोब जावई. दोघांनी वर्षानुवर्षं एकमेकांना फसवलेलं. शेवटी दगडांची रास रचून ते देवाला मध्ये घालतात, कारण पाठ वळली की समोरचा काय करील याचा भरवसा नसतो. सासऱ्या-जावयांचा हा करार पोरींनी गळ्यापाशी लावून मिरवला आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

या ट्रेमध्ये एक जागा रिकामी आहे. दोन्ही युद्धांत ब्रिटिश व्यापारी जहाजांवर आपली हजारो माणसं होती, रत्नागिरीकडचे खलाशी, गोव्याचे खानसामे. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये, हिंदुस्थानातून जाऊन समुद्रात राहिलेल्या खलाशांचं स्मारक आहे. त्यांच्या टोपीला फीत नव्हती, त्यामुळे फितीचा ब्रूचही नाही. त्यांच्या घरी मनीऑर्डर जायची. ती कुणी मखमलीवर मांडून ठेवत नाही, तिचे तांदूळ येतात.

बाकी ब्रूच हे शेवटी लावण्यासाठीच असतात. नुसता ट्रे उघडून बघत बसण्याचा मला कंटाळा येतो. गेल्या संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवाला काळी चंद्रकळा नेसून गेले आणि निऱ्या घातलेला पदर खांद्यावर टाचायला 'व्हिविड'चा ब्रूच लावला. काळ्यावर काळा मीना आणि सोनेरी अक्षरं, फार छान दिसत होता. वाण घेता घेता एका काकूंचं लक्ष गेलं.

"नेव्हीत कोण गं तुमच्याकडे?"

शंभर वर्षांनंतरही तो ब्रूच आपलं काम चोख करत होता. कुणी नाही काकू, म्हटलं, हे तर फेरीबोटीतसुद्धा डोळे मिटून बसतात. मग कुणाचं आहे, कुठे मिळालं, केवढ्याला, सगळं झालं. 'व्हिविड' हे जहाज नसून बराक होती हे ऐकून त्यांना बरंच वाटलं. "म्हणजे गडी वाचला असेल," त्या म्हणाल्या आणि ब्रूच जवळून बघायला वाकल्या. तेवढ्यात साध्या आकड्यातून टाचणी सुटली आणि सगळ्या निऱ्या घरंगळून माझ्या कोपरावर आल्या. काकूंनी आपल्या पदराची सेफ्टी पिन काढून माझ्या खांद्याला लावली आणि स्वतःचा पदर डाव्या हातात धरून ठेवला.

"मलाही एक बघ," जाताना त्या म्हणाल्या. "जहाज कुठलंही चालेल, पण फिरकीची कडी असलेला बघ."

म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासचा. फेब्रुवारीतल्या बाजारात शोधते आहे.